आरसा ठशाचा की चिंधीचा?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात दर धनत्रयोदशीला देव्हाऱ्यापुढे चांदीचे रुपये मांडले जातात, आणि त्याच दिवशी सकाळी आई ते लिंबू नि रांगोळी लावून असे घासते की दिव्याच्या उजेडात त्यांच्याकडे बघवत नाही. त्याआधी आजी घासत असे. त्यामुळे घरातल्या प्रत्येक राणीछाप आणि राजाछाप रुपयाने पन्नास-साठ दिवाळ्यांची रांगोळी सोसलेली आहे, अशी माझी समजूत होती, आणि चांदीचे नाणे चकाकते म्हणजे नेमके काय होते, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलाही नाही.

तो पडला एका चुकीच्या खरेदीनंतर. घडियाळी पोळीकडच्या एका दुकानात मला सयाजीराव महाराजांची छबी असलेला, संवत 1952 चा बडोदे संस्थानाचा रुपया दाखवण्यात आला. ‘‘आरशासारखा आहे, असा पुन्हा मिळणार नाही,’’ असे सांगून नेहमीच्या दराच्या जवळजवळ तिप्पट किंमत मागितली गेली, आणि दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांच्या झगमगाटात मलाही त्यात माझा चेहरा दिसल्यासारखे वाटले. घरी येऊन खोलीतले सगळे दिवे मालवले, टेबलावरचा एकच पिवळा दिवा ठेवला, भिंगाखाली नाणे धरले आणि पाचच मिनिटांत लक्षात आले की आपण रांगोळीचेच काम, फक्त यंत्रावर केलेले, पैसे मोजून घरी आणले आहे. सराफाकडच्या पॉलिशच्या चाकावर ते नाणे फिरले होते. काठाच्या आतली तीक्ष्ण कड बोथट झाली होती, अक्षरांचे खांदे उतरले होते, आणि ‘गायकवाड’मधल्या ‘क’ आणि ‘व’ यांच्या पोटात मात्र चमक नव्हती, तिथे जुना काळा मळ तसाच बसलेला होता. बाहेर आरसा आणि अक्षराच्या पोटात काजळी, असे टाकसाळीतून कधीच येत नाही.

याचे कारण समजण्यासाठी नाण्याआधी ते ज्याने पाडतात तो ठसा डोळ्यांसमोर आणावा लागतो. ठशावर आकृती खोल कोरलेली असते, आणि नाण्याची जी सपाट मोकळी जागा, जिला संग्राहक फील्ड म्हणतात, ती ठशावर सर्वांत वर असते. ठसा तयार करताना, किंवा दोन ठसे एकमेकांवर आपटून उमटलेल्या खुणा काढण्यासाठी तो घासून गुळगुळीत केला, की घासणारे साधन या वरच्या सपाट भागालाच लागते आणि कोरलेला भाग खाली सुरक्षित, किंचित खरखरीत राहतो. अशा ताज्या ठशाखालून निघालेल्या नाण्याची मोकळी जागा काळोख्या पाण्यासारखी स्वच्छ दिसते आणि चेहरा, पगडी, अक्षरे ही दंव पडल्यासारखी पांढुरकी उठून दिसतात. अक्षराच्या पोटातली इवलीशी जागासुद्धा ठशावर सपाटच असते, म्हणून खरा आरसा तिथपर्यंत पोचतो. चिंधी किंवा चाक तिथे पोचत नाही.

पण ठसा फार काळ तसा राहत नाही. प्रत्येक ठोक्याला चांदी दाबाखाली मध्यापासून काठाकडे सरकते आणि ठशाच्या सपाटीवर अतिसूक्ष्म, किरणांसारख्या रेघा पाडत जाते. त्या रेघा पुढच्या नाण्यांवर उमटतात, आणि नाणे दिव्याखाली तिरपे करून फिरवले की प्रकाशाचे दोन पट्टे गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हेच न वापरलेल्या नाण्याचे लस्टर. ते सुंदर असते, पण तो आरसा नव्हे. आरशाचे नाणे तिरपे केले तर पट्टा फिरत नाही, सगळी मोकळी जागा एका क्षणी काळी पडते आणि दुसऱ्या क्षणी एकदम उजळते. चाकावर घासलेले नाणे यांपैकी काहीच करत नाही. ते कसेही धरले तरी स्टीलच्या वाटीसारखे सगळीकडून सारखेच चकाकत राहते. माझा संवत 1952 चा रुपया अगदी तसाच वागत होता.

यापेक्षाही भरवशाची खूण रेघांमध्ये आहे, आणि ती शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ठसा घासताना त्यावर पडलेले ओरखडे नाण्यावर उलटे, म्हणजे उंच रेघा होऊन येतात. त्या मोकळ्या जागेतच असतात आणि अक्षराच्या किंवा चेहऱ्याच्या कडेपाशी येऊन थांबतात. नाणे पुसताना पडलेले ओरखडे चांदीत खाली गेलेले असतात, आणि त्यांना चेहरा काय, अक्षर काय, कशाचाच मुलाहिजा नसतो. मोकळ्या जागेतून निघून गालावरून ते सरळ पलीकडे जातात. दहापट भिंगाखाली, दिवा एका बाजूला खाली ठेवून नाणे हळूहळू फिरवले, तर उंच रेघ आणि खोल रेघ यांची सावली विरुद्ध बाजूंना पडते. वजनकाट्यावर मात्र याचा पत्ता लागत नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचा 1940 पूर्वीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. त्यातून पॉलिशने जे जाते ते इतके थोडे असते की चलनात झिजलेल्या रुपयापेक्षा पॉलिशचा रुपया वजनालाही जास्त भरतो.

आरसा किती खोल, हे मोजण्याची रीत अमेरिकेतल्या मॉर्गन डॉलरच्या संग्राहकांनी पक्की केली आहे. 1878 ते 1904 आणि पुन्हा 1921 मध्ये निघालेल्या या नाण्यांत, विशेषतः सॅन फ्रान्सिस्को टाकसाळीच्या 1880 आणि 1881 च्या डॉलरांत, असे आरसे बरेच सापडतात. छापील मजकुरावर नाणे उभे धरायचे आणि किती अंतरापर्यंतची अक्षरे त्यात स्वच्छ वाचता येतात ते पाहायचे. दोन ते चार इंचांपर्यंत वाचता आली तर प्रूफलाइक, म्हणजे प्रूफसारखे, सहा इंच किंवा त्याहून जास्त अंतरावरचीही स्पष्ट दिसली तर डीप मिरर. ही अट दोन्ही बाजूंना लागू होते. मी यासाठी मराठी वर्तमानपत्र वापरतो, कारण उलट्या प्रतिबिंबातही शिरोरेषा कुठे धूसर होऊ लागली हे डोळ्याला चटकन कळते. देवनागरीचा असाही एक उपयोग.

प्रूफलाइक आणि प्रूफ यांची गल्लत बाजारात मुद्दाम केली जाते. प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेले नाणे. त्यासाठी ठसा तर चमकवतातच, शिवाय कोरी चकतीही चमकवतात आणि बहुधा एकापेक्षा जास्त ठोके देतात. त्यामुळे काठ चौकोनी, धारदार निघतो आणि केसांची शेवटची बटही भरून येते. प्रूफलाइक नाणे रोजच्या चलनासाठीच पाडलेले असते, त्याचा आरसा हा निव्वळ योगायोग असतो. आपल्याकडे यात आणखी एक गुंता आहे. मुंबई आणि कलकत्ता टाकसाळींनी संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या ठशांवर प्रूफ रुपये नंतरही पाडून दिले, म्हणून राणीच्या काळातल्या सालाचा रुपया लख्ख आरशासारखा दिसला, तर तो त्याच साली पाडलेला असेल असे गृहीत धरता येत नाही. बडोद्याच्या जुन्या बाबाशाही रुपयाची गोष्ट वेगळी. हातोड्याने पाडलेल्या त्या जाड, ओबडधोबड रुपयात कुणी आरसा दाखवू लागला, तर सरळ दुकानाबाहेर पडावे.

गेल्या वर्षी आजीचा एक जुना कशिद्याचा बटवा उसवताना अस्तराच्या आत 1900 सालचा एक रुपया सापडला. तो कधीच ताम्हनात गेला नव्हता, त्यामुळे रांगोळीतूनही सुटला होता. काठाशी निळसर-तपकिरी छटा, बाकी चांदी शाबूत. ‘वन रुपी इंडिया’ची बाजू वर्तमानपत्रावर धरली, तर तीन इंचांपर्यंत बातमी वाचता आली, सालातल्या दोन्ही शून्यांच्या पोटात पाण्याच्या थेंबासारखा आरसा होता, आणि उजवीकडच्या वेलबुट्टीपाशी उंच, बारीक रेघांचा एक झुबका पानाच्या कडेला येऊन थांबला होता. राणीची बाजू उलटली आणि मन थोडे खट्टू झाले, कारण तिथे आरसा नव्हता, साधे फिरते लस्टर होते. पण त्यात नवल नाही. दोन बाजूंचे दोन ठसे वेगवेगळ्या वेळी झिजतात, घासले जातात आणि बदलले जातात, म्हणून एका बाजूचा ठसा ताजा आणि दुसऱ्या बाजूचा हजारो ठोके खाल्लेला, अशी जोडी टाकसाळीत नेहमीचीच. काटेकोर मोजमापाने हा रुपया प्रूफलाइक ठरत नाही.

मी तो पीव्हीसी नसलेल्या गोल डबीत ठेवला आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात चांदीवर हिरवट चिकटा येतो, हे एका दुसऱ्या नाण्यावर शिकून झाले होते. आईला मात्र तो काळवंडलेला वाटतो. ‘‘लक्ष्मी अशी मळकी ठेवतात का रे?’’ असे ती दोनदा म्हणाली, आणि एकदा लिंबू हातात घेऊनच माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली होती. शेवटी या धनत्रयोदशीला तो रुपया डबीसकट ताम्हनात बसला, बाकीच्या लखलखीत भावंडांच्या मधोमध, आणि हळदकुंकू वाहताना आई पुटपुटली, ‘‘आता प्लास्टिकचीच पूजा करायची.’’