घरशाळेची रानवही : येऊरची कारवी आणि राणीबागेतले पेंग्विन

मागची नोंद लिहून बरेच महिने झाले. फेऱ्या मात्र थांबल्या नाहीत. थोरली आता दहा पूर्ण, धाकटा सहाचा. दोघं घरीच शिकतात, त्यामुळे आठवड्यातली एक सकाळ डोंगरासाठी राखून ठेवणं आम्हाला जमतं. ठाण्यात राहून येऊरचं डोंगराळ रान उशाशी असताना ते केलं नाही तर चुटपुट लागते.

आधी एक चूक सांगते, म्हणजे नव्याने सुरुवात करणाऱ्यांना उपयोग होईल. पहिल्या वर्षी मी प्रत्येक फेरीला छापील कागद न्यायचे. वीस पक्षी, दहा झाडं, दिसलं की खूण करा. मुलं कागदाकडेच बघत चालायची. तांबट डोक्यावर टुकटुक करत असायचा आणि धाकटा विचारायचा, "आई, हा यादीत आहे का?" त्या दिवसापासून कागद बंद केले. आता एका फेरीला एकच प्रश्न, आणि जागा शक्यतो तीच.

आमची जागा म्हणजे येऊरच्या वाटेवरचा कारवीचा एक उतार. कारवी हे रानझुडूप, आठ वर्षांतून एकदा फुलणारं. 2016 साली फुलली होती, त्यानंतर 2024 च्या पावसाळ्यात. तेव्हा आम्ही तीनदा गेलो. जांभळी फुलं, त्यांवर मधमाश्यांची झुंबड, आणि हात लावला की बोटाला चिकटणारे देठ. थोरलीने वहीत हिशोब मांडला : आधीच्या बहराला ती दोन वर्षांची, पुढच्या बहराला, म्हणजे 2032 साली, अठराची. "आणि मी?" धाकट्याने विचारलं. चौदा. तो बराच वेळ गप्प चालला.

घरी आजीला फोटो दाखवले. सासूबाईंचं माहेर मुरबाडकडचं. त्या म्हणाल्या, "अगं, ह्याच्याच काठ्यांचा कूड असायचा आमच्याकडे, वर शेणामातीचा लेप." मुलांना कुडाची भिंत ठाऊक नव्हती. मग खराट्याच्या काड्या आणि कुंडीतली माती घेऊन गॅलरीत वीतभर भिंत उभी राहिली. ती अजून आहे, एका कोपऱ्यात भेगाळली आहे एवढंच.

खरी मजा त्या बहरानंतर, 2025 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला आली. उतार करडा पडला होता, झुडपं वाळलेली, शेंड्यांवर तपकिरी कोरडी बोंडं. प्रश्न होता : बी बाहेर कसं पडतं? रानातलं काही तोडायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून थोरलीने झुडपावरच्याच एका बोंडावर बाटलीच्या झाकणातून दोन थेंब सोडले. काहीच होईना. धाकटा कंटाळून खाली बसला. आणि मग टच्च! बोंडाच्या दोन फाका झाल्या आणि चपटं बी उडून त्याच्या गुडघ्यावर आलं. दोघं इतकी ओरडली की पलीकडच्या फांदीवरची माकडं उठून गेली.

यामागचं कारण सोपं आहे, आणि मुलांना ते पुरतं पटलं. वाळताना बोंडाच्या भिंती ताणलेल्या राहतात. ओल लागली की त्यांना जोडणारी शिवण सुटते, फाका झटक्याने उघडतात आणि बियांखाली असलेले बारीक आकडे त्यांना बाहेर भिरकावतात. म्हणजे बी पडतं ते पाऊस आल्यावरच, रुजायला ओली माती तयार असताना. आठ वर्षांच्या तयारीनंतर आलेलं बी उन्हात वाया जाऊन कसं चालेल?

घरी आल्यावर आजीने कुंडीतल्या अबोलीकडे बोट दाखवलं. अबोली कारवीच्याच कुळातली. तिची पिकलेली बोंडं वाटीभर पाण्यात टाकली आणि स्वयंपाकघरात अर्धा तास टचटच चालू होती. ज्यांना येऊर लांब पडतं त्यांनी हा प्रयोग जरूर करावा.

राणीबागेची, म्हणजे मुंबईच्या प्राणिसंग्रहालयाची, फेरी थोडक्यात. ठाण्याहून भायखळ्याला सरळ लोकल, बुधवारी बाग बंद, सकाळी लवकर पोहोचा. प्रश्न होता : पेंग्विनला गारवा कशाला? थोरलीचं आधीचं उत्तर, "ते बर्फात राहतात म्हणून." हे पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे बर्फ नाही, किनाऱ्याला लागून वाळवंट आहे. पण दक्षिणेकडून येणारा थंड सागरी प्रवाह त्या किनाऱ्याला घासून जातो आणि मासेही त्याच्याच जोरावर मुबलक. पृथ्वीच्या गोलावर थोरलीने तो प्रवाह बोटाने गिरवला आणि वहीतलं "बर्फ" स्वतः खोडलं. काचेला नाक लावून बघितलं तर त्यांच्या चोचीच्या मुळाशी उघडी गुलाबी कातडी दिसते. अंगातली उष्णता तिथून बाहेर जाते. बर्फात राहणाऱ्याला अशी सोय कशाला लागली असती?

इथले पहिले पेंग्विन 2016 साली सेऊलहून मुंबईत आले. हे सांगताच धाकटा म्हणाला, "म्हणजे कारवीच्या साली!" त्याच्या मनात आता ते साल तसंच बसलं आहे. वर्षं पाठ करायला सांगून हे मला कधीच जमलं नसतं.

बागेतली गोरखचिंच, म्हणजे बाओबाबचं झाड, विसरू नका. पिंजऱ्यांकडे धावताना लोक तिच्याजवळून तसेच पुढे जातात. आम्ही तिघांनी हात धरून तिला कवेत घ्यायचा प्रयत्न केला, पुरले नाहीत.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. ओढ्यांकडे पावसात आम्ही फिरकत नाही आणि अंधार पडायच्या आत परततो. बिबट्यांचं रान आहे, त्यांची वेळ त्यांना मोकळी ठेवलेली बरी. जुलैमध्ये उघडीप बघून उतारावर गेलो. जुन्या काठ्या काळ्या पडून आडव्या झालेल्या, आणि त्यांच्या मधून दोन-दोन पानांची कोवळी रोपं, पाय ठेवायला जागा नाही इतकी. धाकट्याने उकिडवं बसून एका रोपाला बोटाने मापलं. दोन पेरं. वहीत तारीख घातली, शेजारी रोपाचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, "मी चौदा होईन तेव्हा फुलेल."

पुढची फेरी नवरात्रात. मापायला सुतळी नेणार आहोत.