घोडं पेंड कुठे खातंय? नोकरी शोधताना करिअर कोचचा उपयोग

करिअर कोच नोकरी लावून देत नाही. पहिल्या भेटीआधीच हे पक्कं माहीत असलं, तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. आपल्याकडे चार निरनिराळी कामं करणाऱ्यांना सर्रास एकच समजलं जातं. प्लेसमेंट कन्सल्टंट कंपनीसाठी माणूस शोधतो आणि त्याचं बिल कंपनी भरते. वार्षिक सीटीसीच्या (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या) ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार, हा या धंद्यातला रुळलेला दर आहे. रेझ्युमे लिहून देणारा फक्त कागद तयार करतो. समुपदेशक बहुतेक वेळा दहावी-बारावीनंतरच्या निवडीसाठी असतो. कोच फी तुमच्याकडून घेतो आणि तुमच्या शोधात नेमकं घोडं कुठे पेंड खातंय, ते तुमच्यासोबत बसून शोधतो. मग तेवढाच भाग तुमच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतो. उमेदवाराकडून पैसे घेऊन नोकरीची हमी देणारा मात्र या चौघांपैकी कुणीच नाही. तिथून सरळ उठावं.

कोचकडे जाताना रेझ्युमेपेक्षा जास्त कामाची गोष्ट म्हणजे तुमच्या अर्जांची नोंद. एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात: तारीख, कंपनी आणि पद, अर्ज कुठून केला (पोर्टल, कंपनीची साइट, ओळखीतून रेफरल), एचआरचा फोन आला का, किती राउंड झाले, कुठे थांबलं. मागच्या आठ आठवड्यांची नोंद मेलमधून शोधून भरा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. ही नोंद नसेल तर पहिला तास तुमची कहाणी ऐकण्यातच जातो, आणि आठवणीतून सांगितलेली कहाणी हमखास चुकते. शेवटचा नकार मनाला लागलेला असतो, म्हणून माणूस म्हणतो, ‘मी इंटरव्ह्यूत कमी पडतो’. नोंद बघितली तर ६० अर्जांमागे २ फोन. म्हणजे अडचण इंटरव्ह्यूच्या कितीतरी आधी आहे.

वाचायची रीत सोपी आहे. अर्ज खूप आणि फोन नाहीत, तर रेझ्युमे, पोर्टलवरचं प्रोफाइल, नोटीस पीरियड किंवा पदाची निवड यांपैकी काहीतरी चुकतंय. फोन येतात पण इंटरव्ह्यू लागत नाही, तर फोनवरची पाच मिनिटं बिघडताहेत. पहिल्या राउंडमध्ये थांबतंय, तर विषयाची तयारी किंवा सांगण्याची पद्धत बघायला हवी. शेवटच्या राउंडला जाऊन थांबतंय, तर पगार किंवा पदाची पातळी जुळत नाही. पंचवीसपेक्षा कमी अर्ज असतील तर यातून निष्कर्ष काढू नये. आणि रेफरलचे अर्ज पोर्टलच्या अर्जांत मिसळू नका, दोन्हींची गणितं वेगळी असतात.

आता रेझ्युमे. इथे कोचचं खरं काम प्रश्न विचारण्याचं असतं, लिहिण्याचं नाही. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात खरेदी विभागात काम करणाऱ्या माणसाच्या रेझ्युमेत ओळ आहे: ‘व्हेंडर मॅनेजमेंटची जबाबदारी सांभाळली.’ चांगला कोच विचारेल, पुरवठादार किती? काय बिघडलं होतं? तुम्ही काय बदललं? किती दिवसांत? आकडा कुठून आणला? अर्ध्या तासाने ओळ अशी होते: ‘कास्टिंग आणि फोर्जिंगचे १४ पुरवठादार, उशिरा येणाऱ्या मालाचं प्रमाण ९ महिन्यांत १८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, दर सोमवारी पुरवठादारनिहाय आढावा सुरू केला.’ हीच ओळ कोचने परस्पर लिहून दिली असती, तरी कागदावर तितकीच छान दिसली असती. पण इंटरव्ह्यूत ‘हे १८ टक्के कसे मोजले?’ असं विचारल्यावर उमेदवार गप्प बसतो. म्हणून ‘तुमचा रेझ्युमे आम्ही लिहून देऊ’ असं पॅकेज देणाऱ्यापेक्षा लिहायला लावणारा बरा, असं माझं ठाम मत आहे.

दिखाऊ रेझ्युमेचा तोटा लवकर लक्षात येत नाही. दोन रकाने, टेबलं, फोटो, कौशल्यांपुढे रंगीत पट्ट्या, हेडरमध्ये फोन नंबर, यांतलं बरंचसं अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट वाचता येत नाही. तपासायला पैसे लागत नाहीत. पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे कंपनीचं नाव एकीकडे, तारखा दुसरीकडे आणि फोन नंबर गायब असं दिसलं, तर मशीनलाही साधारण तसंच दिसणार. एक रकाना, साधी शीर्षकं, दहा-बारा वर्षांच्या अनुभवाला दोन पानं, एवढं पुरे. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलवर रिक्रूटर शब्द टाकून उमेदवार शोधतात, मग अनुभव, शहर, नोटीस पीरियड आणि उमेदवार अलीकडे सक्रिय होता का, अशा चाळण्या लावतात. त्यामुळे तुम्हाला हव्या असलेल्या पदाच्या दहा जाहिराती समोर घ्या आणि कोणते शब्द सहा-सात जाहिरातींत पुन्हा येतात ते मोजा. तुमच्या कामात ते खरोखर असतील, तर त्याच शब्दांत प्रोफाइलमध्ये घाला. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ लावताना ‘फक्त रिक्रूटरना दिसू दे’ हा पर्याय आहे. आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरना ते दिसणार नाही याची काळजी घेतली जाते, पण पूर्ण खात्री लिंक्डइनही देत नाही. नोकरी चालू असताना शोधणाऱ्यांनी हे धरूनच चालावं.

नोटीस पीरियडवर कोचशी स्वतंत्र बोला. आयटी आणि इतर कितीतरी कंपन्यांत तो ९० दिवसांचा असतो आणि जागा भरायची घाई असलेला रिक्रूटर ‘३० दिवसांच्या आत’ अशी चाळणी लावून मोकळा होतो. आधी तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा: नोटीसऐवजी पैसे भरून लवकर सुटता येतं का (यालाच बाय-आउट म्हणतात), ते कुणाच्या मर्जीवर आहे, हिशोब बेसिकवर की पूर्ण पगारावर? मग उत्तर असं तयार होतं: ‘नोटीस ९० दिवसांची आहे, पत्रात बाय-आउटची तरतूद आहे, मॅनेजरच्या मंजुरीने ४५ दिवसांत येऊ शकतो.’ मॅनेजर सोडेल की नाही याचा अंदाज नसेल, तर ४५ हा आकडा तोंडातून काढू नका. ‘आधी राजीनामा द्या, म्हणजे लवकर मिळणारा उमेदवार म्हणून फोन येतील’ असा सल्ला काही कोच देतात. फोन वाढतातही. पण घरखर्च आणि हप्ते धरून सहा महिन्यांचे पैसे बाजूला नसतील, तर हा सल्ला घेऊ नये. शिवाय कंपनीचा आरोग्यविमा साधारणपणे शेवटच्या दिवशीच संपतो. आई-वडील त्याच पॉलिसीत असतील, तर त्यांच्यासाठी आधी वेगळी सोय करा.

सगळ्यात कमी तयारी होते ती एचआरच्या पहिल्या फोनची, आणि कोचचा तास सर्वात जास्त वसूल होतो तोही इथेच. प्रश्न चारच असतात: सध्या काय करता, का सोडताय, पगार किती आणि किती हवा, कधी येऊ शकाल. प्रत्येकाचं उत्तर घड्याळ लावून बोला. पहिल्याला दीड मिनिट, बाकीच्यांना अर्धं. फोनवर रेकॉर्ड करा आणि स्वतः ऐका. ऐकायला नको वाटतं, पण फरक त्यानेच पडतो.

मराठी माणसाच्या बोलण्यातली एक लकब इथे फार नडते. आपण ‘आम्ही केलं’ म्हणतो. ‘आम्ही सिस्टीम बदलली’, ‘आमच्याकडे असं ठरलं’. घरात, ऑफिसात ते शोभतं, ‘मी मी’ करणं आपल्याला बरं वाटत नाही. पण समोरच्याला तुमचा वाटा कळत नाही आणि तो लिहून ठेवतो: ‘भूमिका स्पष्ट नाही.’ रेकॉर्डिंग ऐकताना ‘आम्ही’ किंवा ‘वुई’ किती वेळा आलं ते मोजा. टीमचं श्रेय टीमला द्या आणि लगेच पुढच्या वाक्यात ‘त्यात माझं काम हे होतं’ असं सांगा. इंग्रजीत अडखळणाऱ्यांनी कोचला आधीच सांगावं की पहिली फेरी मराठीत करू. प्रसंग, अडचण, आपण काय केलं, परिणाम हा क्रम मराठीत पक्का बसला की तोच इंग्रजीत नेता येतो. थेट इंग्रजीत सुरुवात केली तर सगळं लक्ष व्याकरणाकडे जातं आणि सांगायची गोष्टच राहून जाते. या कारणासाठी मराठी येणारा कोच मिळत असेल, तर त्याला पसंती द्या.

पगाराची बोलणी करायच्या आधी एक तास फक्त आकडेमोडीला ठेवा. १२ लाखांचा सीटीसी म्हणजे महिन्याला एक लाख, हा समज महागात पडतो. समजा, बेसिक ६ लाख आणि व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, सीटीसीच्या १० टक्के. कंपनीचा पीएफचा वाटा बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे ७२,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के धरतात, म्हणजे २८,८६०. व्हेरिएबल १,२०,०००. हे तिन्ही वजा केल्यावर उरतात ९,७९,१४०, म्हणजे महिन्याला ८१,५९५. त्यातून तुमचा पीएफ ६,००० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० गेला (फेब्रुवारीत ३००), की ७५,३९५ राहतात. प्राप्तिकर लागू असेल तर तो वेगळा. काही कंपन्या पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० च कापतात, तिथे हातात थोडं जास्त येतं. विम्याचा हप्ताही सीटीसीत धरला आहे का, ते विचारा. कोचसोबत तीन आकडे ठरवा: मागायचा, समाधानाचा आणि ज्याखाली जायचं नाही तो. तिन्ही फिक्स्ड पगाराचे हवेत.

सध्याचा पगार फुगवून सांगा, असं सुचवणारा कोच ताबडतोब सोडा. पुढची कंपनी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा, कधी फॉर्म १६ आणि बँक स्टेटमेंट मागते, आणि तुमच्या यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या क्रमांकावर) कुठल्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होता हे तारखांसकट दिसतं. लपवलेली गॅप किंवा एकाच वेळच्या दोन नोकऱ्या पडताळणीत तिथेच सापडतात, तेही बहुतेकदा जुनी नोकरी सोडून झाल्यावर. गॅप असेल तर दोन वाक्यांत खरं कारण आणि त्या काळात काय शिकलात ते सांगायचा सराव करा.

परदेशी सल्ल्याचंही असंच. ‘सध्याचा पगार सांगूच नका’ हे अमेरिकेत चालतं, तिथल्या बऱ्याच राज्यांत तो विचारायला बंदी आहे. आपल्याकडे अर्जातला तो रकाना भरल्याशिवाय बरेचदा पुढचं पानच उघडत नाही. कोचला तुमच्या क्षेत्रातली भारतातली भरती माहीत आहे का, हे म्हणूनच विचारावं. उलट जर्मनीत बेरोजगार म्हणून नोंद झालेल्यांना तिथलं रोजगार कार्यालय ‘एव्हीजीएस’ नावाचं व्हाउचर देऊ शकतं आणि त्यातून मान्यताप्राप्त संस्थेतल्या कोचिंगचा खर्च भागतो. तिकडे असलेल्या मराठी मंडळींनी खिशातून पैसे घालण्याआधी ते मागावं. व्हाउचर आधी हातात घ्यावं, करारावर सही नंतर.

कोच निवडताना प्रमाणपत्राचा अर्थ नीट समजून घ्या. आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या संस्थेच्या तीन पातळ्या आहेत: एसीसीला किमान १०० तास कोचिंग केलेलं लागतं, पीसीसीला ५००, एमसीसीला २,५००. यावरून कोचिंगचा सराव कळतो, तुमच्या उद्योगाची माहिती कळत नाही. तुमच्यासारख्या पातळीच्या किती लोकांसोबत काम केलं, दोन भेटींच्या मध्ये काय करायला देता, आणि एखाद्या कंपनीकडून किंवा कन्सल्टंटकडून कमिशन घेता का, हे तीन प्रश्न सरळ विचारा. आठ-दहा आठवड्यांत एकेक तासाच्या चार ते सहा भेटी बहुतेकांना पुरतात. एकगठ्ठा पैसे भरू नका, भेटीगणिक द्या. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के वर येतात, ते आधीच विचारून घ्या. लिंक्डइनचा किंवा पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नका. ‘तुमच्या वतीने रोज ५० अर्ज करू’ म्हणणारे नको तिथे अर्ज करून ठेवतात आणि त्या कंपन्यांत तुमचं नाव आधीच नोंदलेलं राहतं. सॅलरी स्लिप दाखवावी लागली तर पॅन, यूएएन आणि खाते क्रमांक झाकून दाखवा.

फी परवडत नसेल तर केंद्र सरकारचं २०१५ मध्ये सुरू झालेलं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे, आणि राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रं आहेत. फोनच्या सरावाला आणि ‘आम्ही’ मोजायला तर तुमच्याच क्षेत्रातला, दोन पायऱ्या वरचा, स्पष्ट बोलणारा एखादा जुना सहकारी पुरतो. दोन वेळा वेळ मागा, तिसऱ्यांदा अर्जांची नोंद पाठवा.

तिसऱ्या भेटीनंतर तीच एक्सेल पुन्हा उघडा. जिथे अडत होतं तिथला आकडा हलला का ते बघा. फोन २ वरून ६ झाले पण इंटरव्ह्यू लागत नाहीत, तर कोच बदलायची गरज नाही, विषय बदला. काहीच हललं नाही, तर आधी दिलेलं काम पूर्ण केलं होतं का ते स्वतःला विचारा. केलं होतं आणि तरी आकडा तिथेच आहे, तर चौथी भेट घेऊ नका.

एक भेट मात्र ऑफर येईपर्यंत राखून ठेवा. ऑफर लेटर आणि राजीनामा यांच्या मधले दोन-तीन दिवस तिच्यासाठी असतात. त्या तासात पत्रातला फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळा करून वाचा, जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो ते बघा, प्रोबेशनमधली आणि नंतरची नोटीस किती ते बघा, रुजू व्हायची तारीख रिलीव्हिंगच्या तारखेशी जुळते का ते बघा. ‘ऑफर निघते आहे, तुम्ही राजीनामा देऊन टाका’ असा फोन आला तरी सहीचं पत्र हातात आल्याशिवाय देऊ नका. राजीनाम्याच्या मेलची आणि त्यावरच्या मंजुरीची प्रत त्याच दिवशी स्वतःच्या खासगी मेलवर घ्या; शेवटच्या दिवशी ऑफिसचं मेल बंद झालं की रिलीव्हिंग लेटरसाठी पाठपुरावा करताना दाखवायला तेवढंच हाताशी असतं.