बंगल्यासमोरचं घर विकताना

आईचा जुहूचा फ्लॅट विकायचं ठरलं, तेव्हा पहिला एजंट आला आणि खोल्या पाहायच्या आधी थेट खिडकीशी गेला. गल्लीच्या पलीकडे एका फार मोठ्या नटाचा बंगला आहे. नाव लिहीत नाही. चाळीस वर्षांचा शेजार, आणि त्या घरातल्या माणसांशी आमचं कधी वाकडं नव्हतं. "ताई, नुसत्या या खिडकीचे बाजारभावावर 15 टक्के जास्त मिळतील," तो म्हणाला. दादाने आणि मी विश्वास ठेवला, आणि तोच भाव धरून आम्ही पाच महिने बसलो.

जाहिरातीत नटाचं नाव होतं, त्यामुळे फोन भरपूर आले. शनिवार-रविवारी माणसं यायची, बेडरूममध्ये डोकावल्यासारखं करायची आणि खिडकीत उभी राहून फोटो काढायची. आई बिचारी प्रत्येकाला चहा विचारायची. कार्पेट म्हणजे आतलं क्षेत्रफळ किती, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र आहे का, कन्व्हेयन्स होऊन जमीन सोसायटीच्या नावावर झालीय का, हे विचारणारं त्या गर्दीत कोणी नव्हतं. महिन्याभराने मी एजंटला सांगून ते नाव काढून टाकायला लावलं. फोन कमी झाले, पण आता येणारे भिंतींची ओल बघू लागले.

खरं गिऱ्हाईक आलं ते एका रविवारी संध्याकाळी. नवरा-बायको आणि त्यांची वयस्कर आई. त्या वेळी गल्लीत चाहत्यांची गर्दी असते. त्यांची गाडी बाहेरच अडकली, म्हणून ते चालत आले आणि तीन जिने चढून वर पोचले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. आजी खुर्चीत टेकल्या, पाणी प्यायल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "रात्री-बेरात्री छातीत दुखलं तर गाडी दारापर्यंत येते का हो?"

आई गप्प झाली. मग तिने खरं ते सांगितलं. बाबांना बरं नव्हतं तो दिवस समोरच्या नटाच्या वाढदिवसाचा होता. अँब्युलन्स कोपऱ्यावर थांबली, आणि दादाने व वॉचमनने बाबांना खुर्चीत बसवून गर्दीतून तिथपर्यंत नेलं. माणसांनी वाट दिली, पण वेळ गेला तो गेला. ते कुटुंब पुन्हा आलं नाही. एजंट आईवर चिडला. मला मात्र वाटतं, आईने सांगितलं तेच बरोबर होतं. ज्याला तिथे राहायचं आहे, त्याला हे कळायलाच हवं.

2024 च्या एप्रिलमध्ये वांद्र्याला सलमान खानच्या घराबाहेर, गॅलेक्सी अपार्टमेंटबाहेर, गोळीबार झाला. त्यानंतर प्रश्नच बदलले. जे आधी "ते दिसतात का?" म्हणायचे, तेच "इथे बंदोबस्त कसा असतो?" विचारू लागले. गल्लीतल्या पोलिसांमुळे एकाला सुरक्षित वाटलं, दुसऱ्याला त्याच पोलिसांची भीती वाटली.

शेवटी मी स्वतः बसले. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर आमच्या गल्लीतले आणि मागच्या दोन गल्ल्यांतले इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहारांचे उतारे, काढले. त्यावर क्षेत्रफळ आणि मोबदला दोन्ही असतात. भागाकार करून वहीत मांडले. आमच्या गल्लीचा दर वेगळा दिसला नाही. फरक होता तो लिफ्ट, पार्किंग आणि इमारतीच्या वयाचा. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरतक्ता, तोही विभाग आणि भूखंड पाहून दर ठरवतो. समोर कोण राहतं याचा रकाना त्यात नाही. बँकेच्या व्हॅल्युअरने टेप लावला, गच्चीची गळती पाहिली आणि खिडकीकडे वळूनही पाहिलं नाही.

आणि ज्याने खरोखर भाव पडत होता, ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आमचा भाग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात येतो. इमारतीच्या उंचीवर मर्यादा, त्यामुळे रीडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरला मजले वाढवता येत नाहीत. मुंबईत पन्नास वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट घेणारा उद्याच्या नव्या इमारतीचे पैसे मोजत असतो. ती आशा इथे धूसर होती. हे समजल्यावर दादा आणि मी 15 टक्के सोडून दिले आणि इंडेक्स टूवरून निघालेला दर लावला.

सहा आठवड्यांत घर गेलं. घेणारं जोडपं त्याच भागात भाड्याने राहत होतं. रविवारची गर्दी त्यांना पाठ होती. मुलीची शाळा जवळ, आणि आमच्या नावावरचं कंपाउंडमधलं पार्किंग, एवढ्यासाठी त्यांनी घेतलं. घर बाईंच्या नावावर केलं, म्हणजे मुद्रांक शुल्कात 1 टक्का वाचला. मुंबईत एरवी ते मेट्रो अधिभारासकट 6 टक्के पडतं. सोसायटीच्या एनओसीला तीन आठवडे, टीडीएसचं, म्हणजे कापलेल्या कराचं, चलन एका दिवसात.

सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात आमचा नंबर यायला दुपार झाली. आईने चष्मा लावून करारनामा शेवटपर्यंत वाचला. परिशिष्टातल्या चतुःसीमेवर तिने बोट ठेवलं आणि मला दाखवलं. पश्चिमेला रस्ता, आणि रस्त्यापलीकडे एक भूखंड क्रमांक. "हाच ना तो बंगला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि अंगठ्यासाठी हात पुढे केला.