माळ्याच्या पोराला गोल्फ कशाला?

गावी गेलो की कुणी ना कुणी विचारतंच, "बापानं जन्मभर साहेबांची हिरवळ राखली, आणि तू त्याच खेळाचे गोडवे गातोस?" आता एकदाचं सांगून टाकतो.

मी बोलतो ते स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या ओल्ड कोर्सबद्दल, म्हणजे तिथल्या जुन्या गोल्फ मैदानाबद्दल. फोटो बघून तुम्ही म्हणता, हा तर उजाड माळ! माळच आहे तो, समुद्रकाठचा, वाळूचा. कुणा एकानं कागदावर आखलेला नाही. पूर्वी लोक खेळत जायचे आणि त्याच होल्सवर खेळत परतायचे. होल म्हणजे चेंडू मारत जायचा पट्टा आणि त्याच्या शेवटचा खड्डा. 1764 मध्ये 22 होल्सचे 18 झाले. पुढे गर्दी वाढली तशी ग्रीन्स, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, रुंद करून एकेकावर दोन होल्स केले. आजही सात ग्रीन्स जोडीची आहेत: दुसरा सोळाव्याबरोबर, तिसरा पंधराव्याबरोबर, बेरीज दरवेळी 18. समोरून येणाऱ्याला वाट द्यायची, हे आखणीतच आहे.

आमच्या शहरातल्या क्लबात काय होतं? शाळेत असताना बाबांचा डबा घेऊन गेलो होतो. फाटकापासून लांबचा वळसा होता, म्हणून गवतावरून गेलो. एक मेंबर ओरडले. माझ्यावर नाही, बाबांवर. बाबा धावत आले, चपला काढल्या, गुडघ्यावर बसले आणि मी तुडवलेलं गवत हातानं उभं करत राहिले. मेंबर निघून गेले तरी त्यांचा हात थांबेना. डबा तसाच माझ्या हातात. त्या दिवशी मी ठरवलं होतं, हा खेळ म्हणजे कुंपण.

बाबा इकडे स्कॉटलंडला माझ्याकडे आले तेव्हा त्यांना रविवारी ओल्ड कोर्सवर नेलं. मोठी स्पर्धा नसली की रविवारी तिथे खेळ बंद असतो. लोक कुत्री, पोरं घेऊन फिरतात. पहिल्या आणि अठराव्या होलमधून तर गावाचा रस्ताच जातो. बाबांनी विचारलं, "फाटक कुठंय?" मग उकिडवे बसून बोटांच्या मागच्या बाजूनं गवत दाबून बघितलं. "हरळी नाही ही. लई बारीक आहे. खाली वाळू, पाणी ठरतच नसणार." बराच वेळ उठलेच नाहीत.

भाऊ म्हणतो, बाहेरच्या माणसाला तिथे भर हंगामात एकदा खेळायला तीनशे पौंडांच्या वर लागतात, कसली सार्वजनिक जमीन? खरं आहे. पहिला फटका मारायच्या जागेमागच्या दगडी इमारतीतल्या क्लबानं 2014 पर्यंत बाईला मेंबर करून घेतलं नव्हतं, तेही खरं. माझ्यातला शाळेतला तो मुलगा अजून माझ्याशी भांडतो आणि त्याचं मला खोडता येत नाही. पण जमीन त्या क्लबाची नाही. गावकऱ्यांचा तिथे खेळायचा हक्क 1552 च्या सनदेत लिहिलेला आहे. आपल्याकडे मैदान आखताना आधी भिंत का घालतात, हे मला कुणीतरी सांगा. बाबांना विचारलं तर म्हणतात, "मेंबर तिथंही असणारच."