घर आहे, पीठ नाही : बोंडोजवळच्या गावातले आठ दिवस

माझे धाकटे दीर किसुमूजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट आहेत. जाऊबाईंच्या ओळखीतून आमच्या तासगावच्या बचत गटाचा पश्चिम केनियातल्या सियाया काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, बोंडो शहराजवळच्या एका गावातल्या बायकांच्या 'चामा'शी संबंध आला. चामा म्हणजे हुबेहूब आपला बचत गट. आम्ही अकराजणी तीन वर्षं पैसे बाजूला काढत होतो. त्या गावातल्या आईबाप गेलेल्या मुलांसाठी एक लहानसं वसतिगृह बांधायचं मनात होतं. जुलैत मी आणि आमच्या गटाच्या सचिवबाई तिथे जाऊन आलो. वसतिगृह झालं नाही. का झालं नाही आणि त्याऐवजी काय ठरलं, हे अशा कामासाठी निघणाऱ्यांना कळावं म्हणून लिहिते आहे.

पहिल्याच दिवशी आंब्याच्या झाडाखाली चामाची बैठक होती. मधोमध पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगवेगळ्या बायकांकडे. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही. पैसे सगळ्यांसमोर मोजले, वहीत लिहिले, एक वेगळी रक्कम अडीअडचणीसाठी काढून कापडात बांधली. त्या गाठीतूनच मुलांचे गणवेश होतात. मग मी वसतिगृहाचा विषय काढला. जाऊबाई स्वाहिलीत सांगत होत्या. अध्यक्षबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मुलांना घर आहे. घरात पीठ नाही."

हे घर कोणाचं, ते दुसऱ्या दिवशी पाहिलं. व्हिक्टोरिया सरोवराच्या या पट्ट्यात १९९० नंतरच्या काळात एचआयव्हीने एक अख्खी कर्ती पिढी नेली. औषधं मोफत मिळू लागली ती २००० नंतर, तोवर शेतं आणि नातवंडं म्हाताऱ्यांवर येऊन पडली होती. आता औषधांमुळे माणसं जगतात, पण नातवंडं सांभाळणाऱ्या आज्या अजूनही वाडीवाडीत आहेत. जवळच्याच कोगेलो गावातल्या सारा ओबामा, बराक ओबामांच्या सावत्र आजी, २०२१ मध्ये वारल्या. त्यांनीही आयुष्यभर अशी पोरकी मुलं स्वतःच्या घरात वाढवली. इथल्या लुओ भाषेत आजीला 'दानी' म्हणतात. आपल्या कानाला हा शब्द वेगळाच लागतो.

आम्ही ज्या दानींकडे तीन संध्याकाळी बसलो, त्यांच्याकडे तीन नातवंडं आहेत. मुलगा आणि सून अंगणातच पुरलेले आहेत, ही लुओंची रीतच आहे. थडग्यांवर सिमेंटचा कोबा केलेला. दुपारी त्यावर मका वाळत होता. ऊन उतरल्यावर मोठ्या नातीने मका गोळा केला, कोबा झाडला आणि तिथेच वही उघडून बसली. खोलीत कोरोबोई, म्हणजे आपली रॉकेलची चिमणी, तिचा धूर डोळ्यांत जातो. म्हणून उजेड आहे तोवर अभ्यास बाहेर.

तिथल्या बाजारात मका 'गोरोगोरो'ने मोजतात. दोनेक किलो मावेल असा पत्र्याचा डबा, आपल्याकडच्या पायलीसारखं माप समजा. दानींनी मला हिशेब दाखवला. एक गोरोगोरो पिठाची उगाली, म्हणजे घट्ट उकड, चौघांना जेमतेम दीड दिवस पुरते. सोबत सुकुमा विकीची भाजी किंवा मूठभर ओमेना, सरोवरातली वाळवलेली बारीक मासळी. जुलैत नवा मका घरात येतो तेव्हा ठीक असतं. एप्रिल ते जून मात्र जुना मका संपलेला, नवा शेतात उभा. तेव्हा सकाळची 'न्युका', म्हणजे पेज, हेच दिवसाचं पहिलं आणि कधीकधी एकमेव जेवण. त्या तीन महिन्यांत मुलं शाळेत गैरहजर राहतात, कारण रिकाम्या पोटी तीन किलोमीटर चालवत नाही. केनियात प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत आहे. फी नाही म्हणून शाळा सुटत नाही, ती अशी सुटते.

सरकार अनाथ मुलं सांभाळणाऱ्या घरांना महिन्याला २००० शिलिंग देतं. या दानींना मिळत नाहीत, कारण सुनेचा मृत्यूचा दाखलाच काढलेला नाही आणि धाकट्याचा जन्मदाखला नाही. चामाच्या यादीत अशी नऊ घरं निघाली. खरं सांगते, आमच्या पैशातला सर्वांत मोलाचा खर्च हे दाखले काढण्याचाच ठरला. कचेरीच्या फेऱ्यांचं भाडं, अर्जाचं शुल्क आणि सोबत जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी. तासगावात बसून हे आम्हाला कधीच सुचलं नसतं.

बाकी जे ठरलं ते असं. एप्रिल ते जून नऊ घरांना मका, तोही जुलै-ऑगस्टमध्ये स्वस्त असताना चामाने विकत घेऊन ठेवायचा. गणवेश बोंडोच्या बाजारातल्या शिंप्याकडून. प्रत्येक घरी एक सौरदिवा. पैसे सत्र सुरू होण्याआधी, म्हणजे जानेवारी, मे आणि ऑगस्टअखेर, जाऊबाई एम-पेसावरून, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीने, चामाच्या नंबरवर पाठवतात. पेटीतल्या वहीचा फोटो आमच्याकडे येतो.

एक चूक आमच्या हातून झाली, ती तुम्ही करू नका. आम्ही इथून दोन बॅगा भरून कपडे आणि खेळणी नेली होती. फक्त अनाथ मुलांना बोलावून वाटली. त्याच अंगणात दानींच्या धाकट्या मुलाची मुलंही राहतात, तितकीच गरीब, तीही उभी होती. संध्याकाळी नवा फ्रॉक आणि फाटका फ्रॉक यावरून भांडण झालं आणि ज्या मुलीला फ्रॉक मिळाला होता तीच रडत बसली. मला त्या रात्री झोप लागली नाही. द्यायचं ते घराला द्या, सगळ्या ताटांत पडेल असं द्या. 'अनाथ' म्हणून मुलाला रांगेतून वेगळं काढू नका.

दुसरं, वाटेत एका शहरात आम्हाला कोणीतरी एक अनाथालय दाखवायला नेलं. मुलांनी गाणं म्हटलं आणि लगेच देणगीची वही पुढे आली. बोलता बोलता कळलं की बऱ्याच मुलांची आई किंवा आजी हयात आहे. अशी ठिकाणं पाहुण्यांवर चालतात आणि पाहुणे येत राहावेत म्हणून मुलं घरापासून लांब राहतात. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली, आणि २०२२ पासून दहा वर्षांत मुलांना कुटुंबांत परत नेण्याचं धोरण आखलं आहे. तेव्हा कुठेही पैसे देण्याआधी तालुक्याच्या मुलांसाठीच्या सरकारी अधिकाऱ्याला भेटा. आठ दिवसांसाठी जाऊन मुलांना लळा लावून निघून यायचं, हेही करू नका.

आता प्रवासाचं. मुंबईहून नैरोबी साधारण सहा तास. जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना घ्यावा लागतो, तो निघण्याआधीच हातात हवा. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रावर किमान दहा दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा. ते नसेल तर परत येताना इथे विलगीकरणात ठेवू शकतात. सरोवराकाठी मलेरिया बारा महिने आहे, गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा, मच्छरदाणी न्या. नैरोबी-किसुमू विमानाने पाऊण तास. बसने सात-आठ तास लागतात, दिवसाची बस घ्या. पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्या आणि एम-पेसा सुरू करा, खेड्यात भाजीवालीही त्यावरच पैसे घेते. किसुमूहून बोंडोला मटाटू, म्हणजे आपल्या वडापसारख्या प्रवासी गाड्या, मिळतात, पुढे बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकल. हेल्मेट मागून घ्या.

भाषेची भीती नको. स्वाहिलीत दुकानाला डुका, गाडीला गारी, पैशाला पेसा, हिशेबाला हेसाबू, आणि चहाला चाय, चपातीला चपाती. लुओमधलं 'एरोकामानो', म्हणजे धन्यवाद, एवढं पाठ करून जा. मुलांचे फोटो काढायचे तर आजीला विचारा, आणि गावाच्या नावासकट कुठेही टाकू नका.

निघताना दानी कोंबडी देतील. पाहुण्याला कोंबडी देणं हा तिथला मान आहे आणि त्या घरातली ती कदाचित एकुलती एक असेल. सचिवबाई माळकरी, त्या मागे सरल्या. जाऊबाईंनी कानात सांगितलं, नाही म्हणू नका, दोन्ही हातांनी घ्या. मी घेतली. पाय बांधलेली, गरम, काखेत धडधडणारी. अंगणाच्या कुंपणापाशी मोठी नात उभी होती. तिच्या हातात ती देऊन म्हटलं, माझी म्हणून सांभाळ, अंडी तुमची. तिने दानींकडे पाहिलं. दानींनी मान हलवली. गेल्या महिन्यात वहीच्या फोटोखाली तिने इंग्रजीत एक ओळ लिहून पाठवली, तुमच्या कोंबडीला सात पिल्लं झाली.