गोळ्यांनी भागत नाही, ऑपरेशन करून घेऊ का?

"वयनी, गोळये खाऊन खाऊन कंटाळलंय. आता ऑपरेशनच करून टाकतंय. तुमी केलास मा? तुमका बरा वाटला?"

कुडाळच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, एसटीत शेजारी बसल्यावर हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी येणं हा त्रास मी बरीच वर्षं काढला आणि शेवटी त्यासाठी दुर्बिणीतून ऑपरेशन करून घेतलं, हे आमच्या पंचक्रोशीत बहुतेकांना ठाऊक आहे.

तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला बरं वाटलं, खूपच बरं वाटलं. पण हे ऑपरेशन कुणाला लागू पडेल हे बऱ्याच अंशी आधी तपासून कळतं, आणि त्या तपासण्या केल्याशिवाय कुणीही टेबलावर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. जळजळ छातीच्या मधोमध असेल, चढ चढताना वाढत असेल, सोबत घाम येत असेल किंवा हात-जबडा दुखत असेल, तर हे पुढचं काही वाचत बसू नका, आधी ईसीजी काढा. पित्त समजून सोडा पीत घरी थांबलेली माणसं आपल्याकडे हृदयविकाराने गेली आहेत.

आता गोळ्यांकडे येते. 'गोळ्यांनी होत नाही' असं जो म्हणतो त्याला मी पहिल्यांदा विचारते, गोळी घेता कधी? ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. जठरात आम्ल तयार करणारे जे सूक्ष्म पंप असतात ते ही औषधं बंद करतात, पण पंप चालू असेल तेव्हाच. आणि पंप चालू होतात ते जेवण पोटात गेलं की. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप जागे होतात तेव्हा औषध रक्तात हजर असतं. आपल्याकडे सकाळी चहा-बटर होतं, मग घावणे होतात, आणि मग कुणीतरी आठवण करतं म्हणून गोळी. किंवा रात्री जळजळायला लागल्यावर एक, बरं वाटलं की चार दिवस काही नाही. अशी घेतलेली गोळी हरली असं म्हणता येत नाही. वेळेवर, रोज, साधारण आठ आठवडे आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या सांगण्यावरून दिवसातून दोनदा घेऊन पाहिल्यावरच तिचा निकाल लावायचा.

त्याबरोबर रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर हवं. वजन जास्त असेल तर ते उतरवायला हवं, तंबाखू सुटायला हवी. खाटेचे डोकीकडचे पाय चिऱ्याचे तुकडे घालून वीतभर उचलायचे. नुसत्या उशा वाढवल्या तर माणूस पोटात मोडतो आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपण्याचाही उपयोग होतो. आमसुलं बंद करा, तिरफळ बंद करा, मासे बंद करा असे सल्ले मला शेकड्यांनी मिळाले. ज्याला जे बाधतं ते त्याने सोडावं. सरसकट सगळ्यांनी सोलकढी सोडावी असं काही नाही.

हे सगळं करूनही राहतो तो त्रास कसला आहे, हा यातला कळीचा प्रश्न. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, आणि श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचे, स्नायू त्याला बाहेरून आवळून धरतात. खारबंधाऱ्याची झडप आठवा. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला खाडीचं आत येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. झडप सैल झाली की खारं पाणी शेतात शिरतं. गोळी काय करते? त्या पाण्यातला खार कमी करते. पाणी यायचं ते येतच राहतं.

माझं नेमकं हेच होत होतं. गोळ्यांनी जळजळ जवळजवळ गेली होती. पण लावणीला वाकले की तोंडात पाणी. चुलीपुढे वाकले, विहिरीवर कळशी उचलली, तरी तेच. रात्री झोपेत घशात पाणी येऊन ठसका लागायचा आणि श्वास अडकल्यासारखा होऊन मी उठून बसायची. घरातले म्हणत, गोळी वाढवून घे. पण आम्ल आधीच कमी झालं होतं. तोंडातून नळी घालून एन्डोस्कोपी झाली तेव्हा कळलं की श्वासपटलातलं भोक रुंद होऊन जठराचा वरचा भाग छातीकडे सरकला आहे. याला हायटस हर्निया म्हणतात. बिघाड यंत्राचा होता, आणि यंत्राच्या बिघाडाला यंत्राची दुरुस्ती लागते.

आता उलट बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्याची जळजळ गोळ्यांनी तसूभरही हलत नाही त्याला वाटतं, औषध चालत नाही म्हणजे आता ऑपरेशनच. सगळ्यात जास्त थांबून विचार करायला हवा तो त्यानेच. आम्ल बंद करूनही आग तशीच राहते, तर ती आग आम्लाची आहे का, हेच आधी पाहावं लागतं.

याबद्दल एक अभ्यास मला माझ्या सर्जनने दाखवला होता आणि मी तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी असलेल्या सरकारी रुग्णालयांत तो झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधांनी जळजळ जात नाही अशी तक्रार असलेले ३६६ रुग्ण त्यांनी घेतले. प्रत्येकाला ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, नीट समजावून, दोन आठवडे दिलं. त्यातच ४२ जणांना आराम पडला. काही जण वेगवेगळ्या कारणांनी बाहेर पडले. बाकीच्यांच्या तपासण्या केल्या तर २३ जणांना अन्ननलिकेचे दुसरेच आजार निघाले, आणि ९९ जणांची जळजळ आम्लाशी संबंधित नव्हतीच. खरोखर औषधाला न जुमानणारा आम्लाचा त्रास उरला तो ७८ जणांना. त्यांच्यात मात्र ऑपरेशन केलेल्या २७ जणांपैकी १८ जणांना वर्षभरानंतर चांगला फायदा दिसला. आणखी वेगळी औषधं देऊन पाहिलेल्या २५ जणांत हा आकडा ७ होता, आणि आहे तीच गोळी चालू ठेवलेल्या २६ जणांत ३.

हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. चाळणीतून खाली उरलेल्यांसाठी ऑपरेशन गोळीपेक्षा कितीतरी सरस ठरलं. पण चाळणीत अडकलेल्यांवर तेच ऑपरेशन केलं असतं तर? त्या ९९ जणांत बहुधा अन्ननलिकेच्या नसा हळव्या झालेल्या असतात. त्यांचा त्रास खरा असतो, मनाचा खेळ नसतो, पण त्याला औषधं वेगळी आहेत.

म्हणून तपासण्या. एन्डोस्कोपी तर हवीच. दुसरी मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून घोट घोट पाणी गिळायला लावतात आणि अन्ननलिका किती जोराने, कशी आकुंचन पावते ते मोजतात. ही तपासणी सुखाची नाही, डोळ्यांतून पाणी येतं, पण थोडक्यात आटपते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेत होते. त्यांच्या मॅनोमेट्रीत निघालं की झडप सैल नसून ती उघडतच नाही, आणि अन्न वर साचून आंबतं. याला अकलेझिया म्हणतात. त्यांच्यावर झडप आवळण्याचं ऑपरेशन झालं असतं तर गिळणंच बंद पडलं असतं.

तिसरी पीएचची, म्हणजे अन्ननलिकेत आम्ल किती वेळ असतं ते मोजण्याची. पुन्हा नाकातून नळी, कमरेला छोटं यंत्र, आणि २४ तास तसंच जेवायचं, झोपायचं, फिरायचं. जेवण कधी, आडवं कधी झालो, जळजळ कधी, ते टिपून ठेवायचं. त्याआधी गोळ्या किती दिवस बंद ठेवायच्या ते डॉक्टर सांगतात. दिवसातला ६ टक्क्यांहून जास्त वेळ, म्हणजे जवळपास दीड तास, अन्ननलिकेत आम्ल असेल तर आजार पक्का धरतात. ४ टक्क्यांच्या आत असेल तर तो नाही असं मानतात. मधले लोक कुंपणावर. मी या तपासण्यांसाठी कोल्हापूरला गेले. नाकात नळी घेऊन लॉजवर एक रात्र काढणं जिवावर आलं होतं, पण त्या रिपोर्टमुळेच मी निश्चिंत मनाने ऑपरेशनला हो म्हटलं.

ऑपरेशन काही नवा प्रयोग नव्हे. रुडॉल्फ निसेन या सर्जनने स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला १९५५ मध्ये ते केलं, म्हणजे आपण घेतो त्या ओमेप्राझोलच्या कितीतरी आधी. १९९१ पासून ते दुर्बिणीतून होऊ लागलं. जठर खाली ओढून घेतात, श्वासपटलाचं भोक टाके घालून लहान करतात, आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून शिवतात. पूर्ण वळसा घातला तर तो निसेनचा, पाऊण वळसा तूपेचा. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर पाऊण वळसा बरा पडतो, म्हणूनही मॅनोमेट्री आधी लागते.

आता नंतरचं. हे लोक फारसं विचारत नाहीत, म्हणून मी आपणहून सांगते. सुरुवातीचे काही आठवडे गिळताना अडकतं, कारण तिथे सूज असते. पहिले साधारण दोन आठवडे पातळ, मग मऊ. या बाबतीत आपण कोकणातले भाग्यवान. उकड्या तांदळाची पेज, नाचणीची आंबील, ताक, बिनतिखटाचं सार, पुढे आटवल आणि मुगाचं वरण, सगळं घरातच असतं. भाकरी, पाव, सुका भात आणि मटण यांची घाई नको. मासा खायचा तर मऊ, काटे पूर्ण काढून. सोडा-लेमन नकोच, कारण ढेकर सहज येत नाही. पोट फुगतं आणि वारा खालून जास्त सरतो. चारचौघांत बायकांना हे फार अवघड होतं, मलाही झालं. पुढे ते कमी झालं, संपलं नाही. उलटीही नीट होत नाही. सुरुवातीला जोराची उबळ आली तर टाके सुटण्याची भीती असते. मला घाटात गाडी लागते, त्यामुळे फोंडा घाट उतरायच्या आधी घ्यायची उलटीची गोळी मी डिस्चार्जच्या वेळीच मागून घेतली होती. कळशी, लाकडाचा भारा, आंब्याचे क्रेट हे सगळं काही आठवडे दुसऱ्याने उचलायचं. घरात ते उचलणारं कुणी आहे का, हे ऑपरेशन ठरवण्याआधी बघा, विशेषतः घरातल्या बाईचं ऑपरेशन असेल तर.

"परत होणार नाही ना?" होऊ शकतं. स्वीडनमध्ये अशी २,६५५ ऑपरेशनं झालेल्यांची पुढची वर्षं तपासली तेव्हा १७.७ टक्के लोकांना त्रास परत झाला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना पुन्हा गोळ्या लागल्या, काहींना पुन्हा ऑपरेशन. माझ्या गोळ्या सध्या बंद आहेत. उद्या सुरू कराव्या लागल्या तरी माझा निर्णय मला चुकीचा वाटणार नाही. रात्रीची झोप परत मिळाली, त्याचं मोल मलाच ठाऊक.

वजन फारच जास्त असेल तर सर्जनशी वेगळं बोला. अशा वेळी वजन उतरवण्यासाठी जठराचं जे बायपास ऑपरेशन करतात ते जास्त उपयोगी पडू शकतं. वजनासाठीच होणाऱ्या स्लीव्ह ऑपरेशनने, ज्यात जठर कापून अरुंद करतात, मात्र हा त्रास वाढूही शकतो. गिळताना अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर गोळ्यांचे प्रयोग नकोत, लगेच एन्डोस्कोपी. सर्जनला तुम्ही हे ऑपरेशन किती करता असं सरळ विचारा. मी विचारलं होतं. सरकारी योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा, नंतर नको.

आणि तपासण्या पक्क्या झाल्या, ऑपरेशन ठरलं, तरी बहुतेकांना तातडी नसते. तेवढे दिवस गोळ्या नीट चालू ठेवता येतात. मार्च ते मे आंबा, मग लावणी, मग गणपती, मग कापणी. आमच्याकडे दिवाळी उलटल्यावरच दोन महिने हातात मिळतात, मी तेव्हाची तारीख मागून घेतली.