दोन कंपन्या, दोन लाइनी, एकच पाइप

डीआर साइट (मुख्य सर्व्हर बंद पडले तर काम चालवायची दुसरीकडची पर्यायी जागा) म्हटलं की लोक सर्व्हर, स्टोरेज आणि लायसन्स यांवर तासन् तास बोलतात. आमच्याकडे ते सगळं बिनबोभाट झालं, म्हणून त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही. डोकं खाल्लं ते दुसऱ्या लीज लाइनने, म्हणजे त्या जागेला जोडणाऱ्या भाड्याच्या खास डेटा लाइनने. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून हा खटाटोप.

आमची नागरी सहकारी बँक कृष्णाकाठची. सर्व्हर रूम हेड ऑफिसातच, दुसऱ्या मजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी 45 फूट), 2021 ला पुन्हा पूर. दुसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही हे खरं, पण वीज नसते, जनरेटरला डिझेल पोचत नाही आणि सर्व्हर सांभाळणारा माणूसही पोचत नाही. संचालक मंडळाने हे डोळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे मंजुरीला वेळ लागला नाही. डीआरसाठी हैदराबादला सर्व्हरचा रॅक भाड्याने घेतला. आपला पूर तिथे नाही, आणि भूकंपाच्या तेव्हाच्या नकाशात ते सर्वांत कमी धोक्याच्या 'झोन 2' मध्ये.

लाइन किती क्षमतेची घ्यायची यावर मात्र वाद झाला. दिवसाला साधारण 60 जीबी डेटा बदलतो, आणि तो बदल सतत हैदराबादला पाठवायचा (यालाच रेप्लिकेशन म्हणतात). चोवीस तासांवर भागलं तर साडेपाच-सहा एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) येतात, आणि व्हेंडरने तेवढ्यावरच हिशेब मांडून आणला होता. पण बँकेचा डेटा दिवसभर सारखा बदलत नाही. रात्री ईओडी (दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम) चालते तेव्हा एका तासात 35 जीबी तयार होतो. तो 50 एमबीपीएसच्या लाइनवरून जायला दीड तास लागतो, आणि आम्ही आरपीओ (जास्तीत जास्त किती वेळाचा डेटा गेला तर चालेल ती मर्यादा) लिहून दिलाय पंधरा मिनिटांचा. म्हणून 100 ची लाइन घेतली. ज्यांना हे करायचंय त्यांनी सरासरी बाजूला ठेवावी, महिनाअखेर आणि 31 मार्चची रात्र मोजावी.

आता मुख्य दुखणं.

एक लाइन तुटली तरी रेप्लिकेशन चालू राहावं म्हणून दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घ्यायच्या ठरल्या. पहिली वेळेत लागली. दुसऱ्या कंपनीच्या अकाउंट मॅनेजरला मी पहिल्याच भेटीत विचारलं, "तुमची केबल पहिल्या कंपनीच्या मार्गाने जात नाही ना?" तो म्हणाला, "सर, आमचं नेटवर्क पूर्ण वेगळं आहे." मी म्हटलं, मार्गाचा नकाशा द्या, केएमझेड फाइल द्या, म्हणजे मी गूगल अर्थवर बघतो. त्यावर एक प्रेझेंटेशन आलं. त्यात एका बाजूला आमची बँक, दुसऱ्या बाजूला हैदराबाद, मध्ये एक ढग आणि ढगातून जाणारे दोन रंगीत बाण. परत मेल केला. उत्तर आलं की मार्ग गोपनीय असतो. एनडीए (गोपनीयतेचा करार) पाठवला, तो त्यांच्या लीगलकडे गेला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. मग तो अकाउंट मॅनेजरच बदलला. नवा म्हणाला, "सर, जुनी मेल चेन माझ्याकडे नाही, रिक्वायरमेंट परत पाठवता का?"

इकडे सीईओ साहेब वैतागले. "अहो, दोन वेगळ्या कंपन्या आहेत ना? मग अडलंय कुठं?" त्यांचंही चूक नव्हतं. कागदावर दोन कंपन्या दिसत होत्या, ऑडिटरलाही तेवढंच पुरलं असतं.

सुटका झाली ती कंपनीमुळे नव्हे. लास्ट माइलचं (ग्राहकापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यातल्या केबलचं) काम करणाऱ्या ठेकेदाराचा एक पोरगा केबल तपासायला आला होता. मी त्याच्या मागोमाग पुलापाशी गेलो. त्याने चेंबरचं झाकण उचललं. आत गाळ, त्यातून वर आलेला एकच नारिंगी पाइप आणि त्या पाइपातून निघणाऱ्या दोन काळ्या केबली. दोन्हींवर टॅग होते. एकावर पहिल्या कंपनीचं नाव, दुसऱ्यावर दुसरीचं. पोरगा म्हणाला, "दोन्ही एकाच पाइपातनं गेल्यात की साहेब. पलीकडं जायला पूल एकच हाय." पुढे कळलं की दुसऱ्या कंपनीची आमच्या भागात स्वतःची केबलच नव्हती, तिने तिसऱ्याच कोणाकडून फायबर भाड्याने घेतलं होतं. म्हणजे पुरात तो पूल गेला, किंवा जेसीबीवाल्याने तिथे दात मारला, की दोन्ही लाइनी एकदम बंद.

मी मोबाइलवर फोटो काढले आणि मेलला जोडून पाठवले. वर दोन ओळी लिहिल्या: पर्चेस ऑर्डरमध्ये मार्गाचा नकाशा जोडपत्र म्हणून येईल आणि तो प्रत्यक्षाशी जुळल्याशिवाय पहिलं बिल निघणार नाही. जी माणसं फोन उचलत नव्हती त्यांचा त्याच संध्याकाळी फोन आला.

तरीही लगेच सुटलं नाही. पूल टाळून हायवेच्या बाजूने केबल आणायची तर रस्ता खोदावा लागणार, आणि तोवर पाऊस सुरू झालेला. पावसाळ्यात खोदाईची परवानगी मिळत नाही, हे त्यांच्या सर्व्हेवाल्याला माहीत असूनही फिजिबिलिटी रिपोर्टवर 'फिजिबल' (म्हणजे 'होण्यासारखं') लिहिलेलं होतं. दिवाळीपर्यंत गच्चीवर रेडिओ (डेटा पाठवणारी बिनतारी लिंक) लावून काम भागवलं. असा रेडिओ घ्यायची वेळ आली तर तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते विचारा. दहा गिगाहर्ट्झच्या वरच्याला जोराचा पाऊस चांगलाच बाधतो, आणि आपल्याला तर लाइन पावसातच लागणार असते. दिवाळीनंतर केबल आली. ती हायवेपासून चेंबर टू चेंबर मी स्वतः चालून पाहिली. लोक हसले, हसू देत.

बाकी आठवेल तसं सांगतो.

पहिली पूर्ण कॉपी लाइनवरून पाठवू नका. आमचा 9 टीबी डेटा 100 च्या पूर्ण रिकाम्या लाइनवरूनही आठ-नऊ दिवस घेणार होता. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्क माणसाबरोबर पाठवल्या आणि पासवर्ड वेगळ्या माणसाकडे दिला. त्यानंतरचे बदल तेवढे लाइनवरून गेले.

कॉम्प्रेशन (डेटा आवळणं) आधी, एन्क्रिप्शन (तो सांकेतिक करणं) नंतर. उलट केलंत तर डेटा आवळतच नाही.

हैदराबादचा पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) 22 मिलिसेकंद येतो. त्यामुळे सिंक्रोनस रेप्लिकेशनचा विषय तिथेच संपला, कारण मग काउंटरवरची प्रत्येक नोंद तिकडून पोच येईपर्यंत थांबली असती. याच 22 मिलिसेकंदांमुळे आणखी एक गंमत होते. जुन्या कॉपी टूलची टीसीपी विंडो (पोच यायच्या आधी एकावेळी पाठवता येणारा डेटा) 64 केबीची असेल तर 100 च्या लाइनवरही एक कॉपी 24 एमबीपीएसच्या पुढे सरकत नाही. लाइनवाल्याशी भांडण्याआधी विंडो वाढवा, नाहीतर एकावेळी चार-पाच कॉप्या चालवा.

रेप्लिकेशनला बॅकअप समजू नका. इथे कोणी डेटाबेसमधलं टेबल उडवलं की पंधरा मिनिटांत ते हैदराबादलाही उडतं, आणि रॅन्समवेअरने लॉक केलेल्या फाइलीही तितक्याच इमानदारीने पोचतात. म्हणून तिकडे रोजची एक प्रत अशी ठेवलीय की ती ठरलेल्या मुदतीपर्यंत आम्हालाही पुसता येत नाही. आणि ती प्रत मुख्य सर्व्हरच्या आवारात नको. 2021 च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळाली, आणि ज्यांचे बॅकअप त्याच जागी होते त्यांच्या हाती काही उरलं नाही.

आणि हो, नकाशा एकदा घेऊन भागत नाही. कंपन्या स्वतःच्या सोयीने सर्किट एका फायबरवरून दुसऱ्यावर हलवतात आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. आम्ही आता दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी नवी केएमझेड फाइल मागतो. यंदाची अजून आलेली नाही, बिल मात्र येऊन पडलंय. ते मी टेबलावर तसंच ठेवलंय.